काळ्या पट्ट्या

पहिल्या रात्री रोझारिओनं फोनवर सांगितलं,
"बाराशे ऐंशी बाय हजार चोवीस ठेवा,
मग कंट्रोल, आल्ट, ब्रेक, तिन्ही एकदम."
माझी बोटं आखूड, दोन्ही हात लावले,
आणि बॅलार्ड पिअरच्या तिसऱ्या मजल्यावरचं माझं मशीन
कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत उघडलं.
शिपिंग बिलं, न्हावाशेव्याचे कंटेनर,
मीच कधीतरी मार्चमध्ये ठेवलेली
"तात्पुरतं २" नावाची फाइल.

तिकडे माझी खुर्ची रिकामी असेल.
लादी पुसणाऱ्या दिलावरला माझ्या मॉनिटरवर
फक्त कुलूप दिसत असेल,
कुलपाआड रकाने भरतायत
हे त्याला कोण सांगणार.

डावी-उजवीकडे मात्र दोन काळ्या पट्ट्या उरल्या,
चार-चार बोटं रुंद.
"माप जुळत नाहीये," रोझारिओ म्हणाला.
"उद्या बघतो. आज चालवून घ्या."

चालवून घेतलं.
टेबल भिंतीला लावलेलं, माझी पाठ खोलीकडे,
काच जुनी, चकचकीत.
डाव्या पट्टीत फ्रिजची कड आणि बँकेचं कॅलेंडर.
उजव्या पट्टीत विभव, माझा भाऊ,
कॉटवर मांडी घालून मटार सोलत.
त्याला जन्मापासून ऐकू येत नाही,
त्यामुळे घरात हाक नावाची वस्तूच नाही.
त्यानं हात हलवला, पट्टीत काहीतरी हललं,
मी वळले.
एवढंच. मटार किडके निघाले होते.

दुसऱ्या रात्री रोझारिओ तयारीनं आला.
"डिस्प्लेमध्ये जा. खूण उजवीकडे ढकला,
पार टोकाला, जिथे पुढे जागाच नाही.
वर निळी पट्टी आहे ना, तिची टाचणी काढा,
ती आपोआप वर सरकेल.
वॉलपेपर बंद. आता कसलाच व्यत्यय नाही, बाई."

खरंच नव्हता.
घरचं घड्याळ गेलं, घरचे निरोप गेले,
आल्ट-टॅब दाबलं तरी तिकडच्याच खिडक्या फिरत राहिल्या.
एकेचाळीस बिलं. एकही चूक नाही.
मध्ये ट्यूब दोनदा मिटली, उघडली,
मला वाटलं, व्होल्टेज.

दीड वाजता खुर्ची सरकवली
तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता.
स्टुलावर चहा, त्यावर जाड साय,
कपाखाली त्याचा मोबाइल, उपडा.

सकाळी त्यानं ब्रश तोंडात ठेवूनच सांगितलं,
मूठ तळहातावर,
शिक्का मारावा तशी. पुन्हा एकदा.
मला कळायला वेळ लागला.
प्रेसमधून मेसेज आला होता.
सोमवारपासून कायम.
रात्री तो मोबाइल माझ्या पाठीमागे धरून
किती वेळ उभा होता, विचारलं,
त्यानं चूळ भरली
आणि टॉवेल शोधत राहिला.

आज रोझारिओचा फोन.
"नीट दिसतंय ना? तिकीट बंद करू?"
म्हटलं, करा.
मग खूण मागे ओढली,
बाराशे ऐंशी बाय हजार चोवीस,
दोन्ही हातांनी कंट्रोल, आल्ट, ब्रेक.
अक्षरं थोडी पसरट दिसतात,
सातवा रकाना डोळे बारीक करून वाचावा लागतो.

अकराच्या सुमारास उजव्या पट्टीत
एक चिमूट ओठांशी गेली:
घेणार?
मी न वळता हात वर करते,
बोटावर बोट आडवं धरते,
अर्धा.